ऑर्व्हिलचा लाल दिवा

लॉडर, साउथ डकोटा
१९ मे

प्रिय एमिलदादा,

तुला आणि कोरीनवहिनीला तुझ्या धाकट्या आणि आडमुठ्या (शब्द तुझ्याच मागच्या पत्रातला) बहिणीचा मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेनं सगळं बरं होतं असं तू दर पत्रात लिहितोस आणि दर पत्रात एक नवं दुखणंही कळवतोस, म्हणून विचारते. माझी तब्येत उत्तम आहे. पाठ दुखते, पण ती माझा हॅल्वर होता तेव्हाही दुखायची, त्यामुळे तिला मी आता दुखणं समजत नाही, घरातलं माणूस समजते. परसातला रुबार्ब जोरात आलाय. चर्चच्या तळघरातल्या कॉफीला अजूनही चव नाही. म्हणजे इकडे सगळं क्षेम आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल. दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं वाचलं आणि रागावले, दुसऱ्यांदा बसून वाचलं आणि जास्त रागावले. लायल माझा मुलगा आहे, त्यानं आईची काळजी करणं मी समजू शकते. मेअखेरपर्यंत कोकरं जायची थांबली नाहीत तर मेंढ्या बाजारात आणि मी त्याच्या शहरातल्या फ्लॅटमध्ये, असं त्यानं मला बजावलं, तेही मी ऐकून घेतलं, कारण तो ओरडून नाही, विनवून बोलत होता. पण तू? तू त्याची बाजू घेऊन वर असं लिहिलंस, की 'इडा, तुला लहानपणी दिवसाढवळ्या गोठा सापडत नसे, तू रात्री कोयोटी काय मारणार?' गोठा मला एकदाच सापडला नव्हता, आणि तेव्हा बर्फाचं वादळ चालू होतं, आणि मला बाहेर पाठवणारा तू होतास. म्हणून झालं ते सगळं पहिल्यापासून लिहिते. लायलनं तुला अर्धंच सांगितलंय, कारण त्याला मीच अर्धं सांगितलंय.

एप्रिलच्या पहिल्या तीन आठवड्यांत माझी अकरा कोकरं कोयोटीनं नेली. लांडग्याचा हा काटकुळा चुलतभाऊ किती धूर्त असतो ते तुला सांगायला नको, पण हा कोयोटी नुसता धूर्त नव्हता, नियमित होता. मी शेवटची फेरी मारून, बूट काढून, पाय गरम पाण्यात सोडले की तो यायचा. त्यातच एक कोल्ही कोंबड्यांच्या खुराड्याची पाहणी करून गेली आणि चार कोंबड्या घेऊन गेली. हॅल्वर होता तेव्हा हे सगळं तो बघायचा. पिकअपच्या खिडकीतून जुना दिवा बाहेर काढून तो रात्र-रात्र बसायचा आणि सकाळी येऊन नुसतं 'एक' किंवा 'शून्य' म्हणायचा. त्याच्यामागे दोन वर्षं बिशपनं निभावलं. (बिशप म्हणजे मेंढ्यांबरोबर राहणारा माझा पांढरा कुत्रा. तू ॲरिझोनाला गेलास तेव्हा तो नव्हता, आणि दफनाला आलास तेव्हा तो कुरणात होता. नाव हॅल्वरनं ठेवलं, चर्चमध्ये अजून कुणी ते मनाला लावून घेतलेलं नाही.) पण बिशप एक आणि कुरणाच्या बाजू चार. तो उत्तरेला भुंकत गेला की कोयोटी दक्षिणेकडून शिरायचा. बाराव्या कोकराच्या आधी मी ठरवलं की आता रात्री मी बसणार. बंदूक मला येते, हे तरी तू मान्य करशील, कारण बाबांनी ठेवलेल्या डब्यांवर नेम धरताना तुझ्यापेक्षा जास्त डबे मी पाडायचे. प्रश्न उजेडाचा होता.

डॅगमारच्या दुकानात गेले. (डॅगमार म्हणजे पूर्वी ज्या दुकानात तू खिळे आणायला जायचास आणि त्या दुकानदाराच्या मुलीकडे बघत उभा राहायचास, ती मुलगी. आता दुकान तिचं आहे आणि बघण्यासारखे तिथे फक्त दिवे आहेत.) भिंतभर दिवे टांगलेले. डोक्याला बांधायचे, हातात धरायचे, बंदुकीवर बसवायचे, पांढरे, लाल, हिरवे, अरुंद झोताचे, पसरट झोताचे. मी म्हटलं, सगळ्यात मोठा दे. डॅगमारनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इडेला, तुला कोयोटी पाडायचाय की विमान?"

"मला स्वच्छ दिसायला हवं."

"तुला दिसेल ग. पण तूही सगळ्यांना दिसशील."

मी ऐकलं नाही. मी हट्टी आहे हे तू लिहिलंसच आहेस, तेव्हा त्यावर वेगळी शाई घालवत नाही. बादलीच्या तोंडाएवढा एक पांढरा दिवा घेऊन घरी आले. त्या रात्री जमिनीलगत धुकं होतं. अंगणात उभी राहून मी खटका दाबला आणि माझ्यासमोर दुधाची भिंत उभी राहिली. धुक्यावर आपटून सगळा उजेड माझ्याच डोळ्यांत परत आला. पलीकडचं काहीही दिसेना. मग मला वाटलं थोडा वर धरून बघावा. वर धरला तो खुराड्यावर पडला. कोंबड्यांना वाटलं उजाडलं. कोंबडा आरवला, कोंबड्या खाली उतरल्या, आणि दोनशे मेंढ्या चाऱ्यासाठी एका सुरात ओरडत फाटकाशी आल्या. बिशप दिव्यावरच भुंकायला लागला. या गोंधळात दिवा बंद करायचा खटका मला सापडेना (तो दोनदा दाबायचा असतो, हे खोक्यावर लिहिलं होतं, खोकं घरात होतं), आणि वीस मिनिटांत अंगणात पाण्याची टाकी घेऊन गावचा आगीचा बंब हजर. तीन मैलांवरून कुणीतरी फोन केला होता की इडेलाचं घर पेटलं. बंबावरचे पाचही जण झोपेतून उठून आले होते, एकाच्या अंगात कोटाखाली नुसता पायजमा. मी त्यांना कॉफी आणि उरलेला केक दिला. त्यांनी तो मजेत खाल्ला, आणि जाताना एकानं, 'बाई, पुढच्या वेळी आग लावायच्या आधी कळवा, जेवून येणार नाही,' असं सांगितलं. तेव्हापासून बसायच्या आधी मी शेरीफच्या कचेरीत फोन करून सांगते की आज रात्री माझ्या जमिनीवर उजेड दिसेल, तो मीच आहे.

दुसऱ्या दिवशी ही बातमी ऑर्व्हिलपर्यंत पोचली. पश्चिमेचा शेजारी, लग्न न केलेला, हिरव्या कोठाराचा ऑर्व्हिल. तो कॉफीला आला, तीन कप प्यायला, आणि मग मुद्द्यावर आला. पांढरा उजेड म्हणजे कोयोटीला पाठवलेली तार, तो म्हणाला. लाल घे. कोयोटीला लाल दिसतच नाही, त्याच्या नाकासमोर धरला तरी तो आपला चालत राहतो. "मी वीस वर्षं लाल दिव्यावर शिकार करतोय, इडेला. लाल म्हणजे लाल. बाकी सगळा पैशाचा धूर." इतक्या खात्रीनं आमचे पाद्रीसुद्धा स्वर्गाबद्दल बोलत नाहीत. तेव्हा मी डॅगमारकडे परत गेले, बादली तिला परत दिली, आणि दोन लाल दिवे आणले. एक डोक्याला बांधायला, हा शोधायचा. दुसरा बंदुकीवर, हा फक्त नेम धरताना लावायचा. ही दोन दिव्यांची पद्धत मात्र पक्की आहे. बंदुकीवरच्याच दिव्यानं शोधत बसलं, तर जिथे बघाल तिथे बंदूक रोखलेली असते, मग ती मेंढी असो नाहीतर माणूस.

आता लिहिते ते लायलला माहीत नाही. लाल उजेडात मला सगळं टोमॅटोच्या सुपात बुडाल्यासारखं दिसायचं. गवत लाल, कुंपण लाल, मेंढ्या लाल, आणि पन्नास पावलांपलीकडे सगळं नुसतं काळं. पण ऑर्व्हिल वीस वर्षांचा अनुभवी, तेव्हा दोष माझा असणार असं समजून मी चार रात्री बसले. चौथ्या रात्री कोकरांच्या कुंपणाच्या कोपऱ्यात दोन डोळे चमकले. जमिनीपासून बुटके, स्थिर, कोकरांच्या अगदी जवळ. बंदूक खांद्याला लावली, वरचा दिवा लावला. डोळे तसेच. अंग दिसेना. मी श्वास सोडला, बोट घोड्यावर ठेवलं, आणि दादा, खरं सांगते, बोट दाबायला अर्ध्याहून जास्त निघालं होतं.

तेवढ्यात ते डोळे शिंकले.

बिशप शिंकतो तसं जगात दुसरं कुणी शिंकत नाही. तो तिथे आडवा पडून होता, आईनं टाकलेल्या एका कोकराला पोटाशी घेऊन, त्याला ऊब देत. मी बंदुकीतल्या गोळ्या काढल्या. एक गोळी गवतात पडली, ती सकाळी सापडली. मग मी तिथेच ओल्या गवतात बसले. बिशप आला, त्यानं माझं तोंड चाटलं, आणि मला ते सहन झालं नाही. त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून लायलला फोन लावला होता. त्यानं उचलायच्या आत ठेवून दिला. 'तू म्हणतोस ते बरोबर आहे, ये आणि ने मला,' हे वाक्य तयार होतं. ठेवला कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. बहुधा ते टाकलेलं कोकरू मी घरात आणून स्टोव्हशेजारच्या खोक्यात ठेवलं होतं, ते ओरडायला लागलं म्हणून. त्याला दूध गरम करून देईपर्यंत साडेचार वाजले, आणि साडेचारला माणूस एक तर झोपतो नाहीतर कामाला लागतो.

सकाळी थेट ऑर्व्हिलच्या दारात. म्हटलं, तुझा लाल उजेड तुझ्याजवळ ठेव, मी आज माझा कुत्रा मारला असता. ऑर्व्हिलचा चेहरा पडला. पण लगेच म्हणाला की दिवाच वाईट असणार, डॅगमारनं जुना माल गळ्यात मारला. रात्री माझ्याबरोबर चल, माझा लाल दिवा बघ, मग बोल. गेले. त्याच्या पिकअपमध्ये बसलो, नाल्याच्या काठाला थांबलो, त्यानं काच खाली केली आणि दिवा लावला.

सगळं कुरण डोळ्यांसमोर उभं राहिलं. गवताची पाती मोजता येतील इतकं. पार नाल्यापलीकडचा खांब, खांबावरची तार. आणि सगळं हिरवंगार, तळ्याच्या तळाशी बसून बघावं तसं.

"बघितलंस?" ऑर्व्हिल म्हणाला. "हा खरा लाल."

"ऑर्व्हिल," मी म्हटलं, "हा हिरवा आहे."

"काय हिरवा?"

"दिवा."

"इडेला, मी वीस वर्षं..."

"वीस वर्षं तू हिरव्या दिव्यावर शिकार करतोयस!"

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. वाद घालत घालत आम्ही परत आलो, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघेही डॅगमारच्या दारात उभे. डॅगमारनं गल्ल्यावर दोन जोड हातमोजे ठेवले, एक लाल, एक हिरवा, आणि विचारलं, ऑर्व्हिल, यातला लाल कुठला? त्यानं पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाला, दोन्ही. डॅगमारनं आणखी काय काय ठेवलं, आणि आम्हा तिघांना कळायचं ते कळलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत, आणि आजवर हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या गावात सिग्नल एक, तो वरचा-खालचा बघून त्याला कळतो. दिवा त्यानं कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून उचललेला, विकणारा लाल म्हणाला, यानं लाल मानला. आणि ते कोठार! दादा, बारा वर्षांपूर्वी त्यानं कोठार हिरवं रंगवलं तेव्हा सगळ्या पंचक्रोशीत बोललं गेलं होतं की पठ्ठ्याचं आपल्या हिरव्या ट्रॅक्टरवर भारी प्रेम. त्याला ते इतरांसारखं लाल रंगवायचं होतं! आम्ही कुणी त्याला विचारलं नाही, कारण इकडे कोण कुणाला कोठाराबद्दल विचारतं?

डॅगमारला हसू आवरेना, मलाही आवरेना. ऑर्व्हिलही हसला थोडा. मग टोपी हातात घेऊन फिरवत उभा राहिला, आणि एकदम मला म्हणाला, "इडेला, हॅल्वरच्या दफनाला मी काळा म्हणून टाय घातला होता, तो खरा कुठल्या रंगाचा होता?"

तुला आठवतं का? तू होतास तिथे. लालभडक होता. आगीच्या बंबासारखा. हॅल्वरच्या शवपेटीचा पुढचा डावा कोपरा त्याच्या खांद्यावर होता, आणि मी त्या टायकडे बघत बसले होते, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. माझ्या नवऱ्याचा चाळीस वर्षांचा मित्र, आणि मला वाटलं याला काळा टाय शोधायचेही कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत.

मी म्हटलं, "काळा होता."

"नक्की?"

"काळा. चांगला दिसत होता तुला."

डॅगमारनं माझ्याकडे पाहिलं आणि वळून फडताळातले खिळे उगाच नीट लावायला लागली. (आता तुलाही खोटं बोलायला सांगते. भेटलास आणि त्यानं विचारलं, तर काळा.)

त्या दिवशी मी हिरवे दिवे घेतले. डॅगमार म्हणाली की आपल्या वयाच्या डोळ्यांना हिरवा उजेड जास्त लांबचं दाखवतो, आणि कोयोटी पांढऱ्याला बिचकतो तितका याला बिचकत नाही. आणि ज्याच्या मुठीवर फिरवायची चकती असते तोच घे, म्हणजे उजेड हळूहळू वाढवता येतो. एकदम पेटलेला दिवा कुठल्याही रंगाचा असो, जनावर पळणारच. हे सगळं तिनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, पण मी बादली बगलेत मारून निघाले होते.

पण बिशपची ती शिंक माझ्या कानातून जात नव्हती. म्हणून मी ठरवलं की सात रात्री बंदूक घराबाहेर काढायची नाही. नुसता दिवा. एक वही घेतली आणि डोळे शिकायला बसले. तुला वाटेल डोळे ते डोळे. नाही. मेंढीचे डोळे दिसले की दिसतच राहतात, आणि खालचा जबडा हलतो म्हणून तेही जरा हलतात. हरणाचे उंचावर असतात आणि आपल्याकडे रोखून बघतात, जणू आपणच त्यांच्या जमिनीवर आलोय. मांजराचे खांबावरसुद्धा सापडतात. सशाचा बहुधा एकच दिसतो. गवतात शेकडो बारीक ठिणग्या दिसल्या, मला वाटलं दव, वाकून बघितलं तर प्रत्येक ठिणगी म्हणजे एक कोळी. (त्या रात्री मी पायमोजे विजारीवर ओढून बसले.) तिसऱ्या रात्री एका डोळ्याचं जनावर मी पाऊण तास टिपून घेतलं, 'अत्यंत सावध, अजिबात हलत नाही,' आणि सकाळी तो बिअरचा डबा निघाला. कोयोटी मात्र वेगळाच. त्याचे डोळे विझतात आणि दुसरीकडे पेटतात. तो मान वळवून सारखा मागे-पुढे बघत येतो म्हणून. पाचव्या रात्री मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, नाल्याच्या कडेनं, आणि माझ्याजवळ बंदूक नव्हती, आणि तुझा विश्वास बसणार नाही, मला चुटपुट लागली नाही. मी वहीत वेळ लिहिली, वारा लिहिला, वाट लिहिली. झोत अंगावर टाकायचा नाही हेही त्याच रात्री कळलं. दिवा जरा वर, आभाळाकडे धरायचा आणि उजेडाची नुसती कड जमिनीवरून न्यायची, पडद्याची झालर फरशीवरून ओढावी तशी. त्या झालरीत तो बिनधास्त चालत होता. सातही रात्री कोकरं मी गोठ्यात कोंडून ठेवली होती, त्यामुळे त्याला माझ्याकडून काहीच मिळालं नाही आणि तो रोज जास्त जवळ येत गेला.

आठ मेच्या रात्री बंदूक घेऊन बसले. त्याआधी आणखी एक फजिती झाली ती सांगून टाकते. बंदुकीवरचा दिवा लावला की त्याचा उजेड नळीवरच चमकायचा आणि नेमाच्या दुर्बिणीतून मला फक्त हिरवी चकाकी दिसायची. यावर हॅल्वरचा काळा लोकरी पायमोजा, टाच कापून, नळीवर चढवला. दिसायला बंदुकीला सर्दी झाल्यासारखी दिसते, पण चकाकी गेली. चाऱ्याच्या गाड्यावर गोधडी घालून बसले. वारा समोरून. समोर गोळी अडवणारं टेकाड आणि त्यामागे कुणाचं घर नाही अशी जागा धरली, मेंढ्या उजवीकडे कुंपणात, बिशप त्यांच्यात साखळीनं बांधलेला (तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही). हॅल्वरची शिट्टी होती, जखमी सशासारखी वाजणारी. ती दोनदा फुंकली आणि थांबले. पहिल्यांदा ऑर्व्हिलचं मांजर आलं. ते बसलं, निराश झालं, गेलं.

मग नाल्याकडे दोन डोळे पेटले. विझले. वीस पावलं अलीकडे पेटले. मी डोक्यावरच्या दिव्याची झालर त्याच्या पायांशी धरून ठेवली. माझे हात स्थिर होते, दादा, ते मला त्या रात्रीचं सगळ्यात मोठं नवल. बंदूक उचलली, वरचा दिवा लावला अगदी मंद, आणि चकती फिरवत गेले. डोळे, मग कान, मग छाती, मग खांदा, मग शेपटी. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, शिंक. शिंकत असशील तर आत्ता शिंक. तो शिंकला नाही. मी एकच गोळी झाडली.

जवळ गेले. म्हातारा नर होता. पुढच्या डाव्या पंजाची दोन बोटं नव्हती, कधीतरी सापळ्यात अडकून तोडून घेतलेली, आणि दात झिजून बोथट झाले होते. ससे त्याला आता पकडता येत नसणार. कोकरं येत होती. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. झाला. पण तो तिथपर्यंत चालत जाईपर्यंतच टिकला. मी दिवा विझवला आणि अंधारात त्याच्याजवळ थोडी उभी राहिले, कारण इतक्या रात्री माझ्याएवढाच जागा राहिलेला तो एकच होता. मग बिशपला सोडलं. त्यानं येऊन वास घेतला आणि वळून मेंढ्यांत जाऊन झोपला.

त्याला आज अकरा रात्री झाल्या. एकही कोकरू गेलेलं नाही. मी रोज दोन तास बसते, वही चालू आहे. कोल्हीचाही बंदोबस्त केला. ऑर्व्हिलनं आपल्या दिव्यावर चिकटपट्टी लावून त्यावर ठळक अक्षरांत 'हिरवा' लिहिलंय, आणि कोठार लाल करावं का म्हणून मला विचारत होता. मी म्हटलं राहू दे, आता सगळे पत्ता त्यावरूनच सांगतात. तेव्हा लायलला हे पत्र वाचून दाखव (बिशपचा भाग सोडून), आणि 'वय झालं' हे शब्द दोघांनीही काही दिवस वापरू नका. मी या जमिनीवरून हलणार नाही. मेंढ्या हलणार नाहीत. विषय संपला.

वहिनीला सांग, खोकल्यावर मध घे आणि तुझं बोलणं कमी ऐक.

तुझी,
इडा

ता. क. : कोल्हीचा बंदोबस्त केला म्हणजे खुराड्याला नवी कडी आणि खाली दोन हात खोल जाळी बसवली. तिला मारलं नाही. जुन्या धान्यकोठीखाली तिची चार पिल्लं आहेत. दिवा अगदी मंद ठेवला तर ती बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढतात. रोज दोन तास बसते असं वर लिहिलंय, त्यातला दीड तास त्यांच्यात जातो. हे ऑर्व्हिलला कळता कामा नये.

ता. क. दुसरा : लायल तीस तारखेला येतोय. विक्रीचे कागद घेऊन येतोय, आणि मेंढ्यांसाठी बाजारातला एक माणूसही बरोबर असेल असं सूनबाईच्या बोलण्यातून निसटलं. तू अठ्ठावीसला ये. वाद घालायला नको, तुला वाद घालता येत नाही. टेबलाशी नुसता बसून राहा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा असलेला माणूस उन्हात गोल्फ खेळतो आणि त्याला कुणी कागद दाखवत नाही, एवढं लायलला दिसू दे.

ता. क. तिसरा : वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण 'विषय संपला' हे खरं नाही. लायल चढ्या आवाजात बोलला तर मी त्याला पुरून उरेन. पण तो तसं बोलणार नाही. तो माझा हात हातात घेईल आणि म्हणेल, आई, मला रात्री झोप लागत नाही ग तुझ्या काळजीनं. आणि दादा, तेव्हा मी सही करीन. म्हणून तू माझ्या आणि पेनाच्या मध्ये बस.